पहिल्या वर्षाचा हिशोब

गावाचं नाव लिहितात भलतंच, म्हणतात लेम्स्टर.
तिथून चार मैलांवर ओढ्याकाठचा अर्धा एकर
आम्ही भाड्याने घेतला, तेव्हा त्यात पिकत होते
फक्त दगड, आणि कमरेएवढं खाजरं रान.
"इथे मेंढ्यासुद्धा नाराज असायच्या,"
मिसेस प्रॉसर कुंपणापलीकडून म्हणाल्या.

माती लाल निघाली.
मी चिमूटभर उचलून हुंगली.
नाही, ओळखीचा वास आला नाही.
बरंच झालं.

नांगर घातला नाही. पुठ्ठे अंथरले,
फ्रिजच्या दुकानामागचे, हिवाळाभर गोळा केलेले;
शाल्मली नखांनी चिकटपट्ट्या सोलायची.
वर घोड्यांची लीद, त्यावर कुजकी पानं.
गांडुळांना काम दिलं. पगार नाही.

फेब्रुवारीत प्रत्येक खिडकीत
टॉयलेट पेपरच्या नळकांड्यांत स्वीट पी.
"कसली रे ही नळकांडी?"
सासूबाईंनी फोनच्या पडद्यातून विचारलं.
"संसार," उदयन म्हणाला.

आणि मे महिन्याच्या चौदा तारखेला,
सगळे कोट कपाटात गेल्यावर, हिमकडा.
रात्री अकराला डेलियांवर पसरलं जे हाताला लागलं ते:
चादरी, उशांचे अभ्रे, माझ्या दोन सुती साड्या
अकरा वर्षं घडी न मोडलेल्या.
पहाटे त्या पापडासारख्या कडक.
खाली ऐंशीतली एकोणीस रोपं काळी.
आम्ही पुन्हा पुन्हा ती एकोणीसच मोजत राहिलो.
एकसष्ट उरली, हे दुपारी सुचलं.

गोगलगायींना विष घालायचं नाही, हे ठरलं होतं.
टॉर्च घेऊन, वाकून, एकेक वेचून
बादलीत टाकायची आणि ओढ्यापलीकडे सोडायची,
हे ठरलं नव्हतं.

जुलैत फाटकाशी बाकडं, बादल्या,
पैशांसाठी चहाचा डबा, भोक पाडलेला.
जुडी चार पौंड. वर्तमानपत्राचा कागद, सुतळी.
गाडी थांबवून एकीने कौतुकाने विचारलं,
ही कल्पना कुठून सुचली?

सांगलीत आमच्या दाराच्या कडीला
रोज पहाटे फुलपुडी अडकवलेली असायची.
पळसाचं पान, केळीच्या सोपटाचा दोरा.
फूल निर्माल्यात, पान गाईच्या तोंडात,
संध्याकाळी घरात काही उरत नसे.
महिनाअखेर आठ आण्यांवरून हुज्जत घालायचो आम्ही.
त्या माणसाचं नाव मला आजही ठाऊक नाही.

एवढं सगळं तिला कुठे सांगणार?
"घरचीच," म्हणाले.

सप्टेंबरात मिसेस प्रॉसरांचा भाऊ गेला.
"जे फुललंय ते दे," त्या म्हणाल्या.
फुललेला होता झेंडू, ढिगाने.
माझा हात अडखळला. झेंडू दाराचा, दसऱ्याचा,
नव्या गाडीच्या बोनेटचा.
"नारिंगी?" त्या म्हणाल्या. "छान.
आयव्हरचा ट्रॅक्टर नारिंगी होता."

विलोच्या ओल्या फांद्यांचं कडं वळलं,
हिरवा फोम नाही, तार नाही, सगळं सुतळीने.
पैसे त्यांनी पुरते मोजून दिले,
घासाघीस नाही. पावती मात्र मागून घेतली.

आता नोव्हेंबर. उदयनने वही काढली:
जमा अकराशे सेहेचाळीस, खर्च तेवीसशे दहा.
"आतबट्ट्याचा धंदा," तो म्हणाला,
आणि जिन्याखाली जाऊन
लाकडाच्या भुश्यातले कंद पुन्हा मोजून आला.
एकसष्टचे दोनशे चौदा झालेत.
ते कुठल्या रकान्यात घालायचे, ते त्याला सुचेना.

मी खिडकीशी होते. मिसेस प्रॉसर
न विचारता फाटक उघडून आत आल्या,
हातात ते कडं, तपकिरी, भिजलेलं.
त्यातून काहीच काढायचं नव्हतं.
तसंच त्यांनी ते ढिगावर ठेवलं,
वर थोडी पानं सारली पायाने,
आणि वाफेवर हात शेकत
जराशा उभ्या राहिल्या.